इंडेक्स फंडाला फेरी

नाथाजी सुभेदारांचं रान रस्ता रुंद करण्यात गेलं, त्याचं त्यांना एवढं काही वाटलं नाही. सरकारनं मागितलं, सरकारनं मोबदला दिला, आणि सुभेदारांचा सरकारवर फौजेपासूनच विश्वास. वाटलं ते दुसऱ्या दिवशी सकाळी. तांबडं फुटताना उठले, चूळ भरली, डोक्यावर टोपी ठेवली, नाल ठोकलेल्या वहाणा पायात सरकवल्या आणि उंबऱ्यात उभे राहिले. आता जायचं कुठं, हे काही सुचेना.

पलटणीतून सुटून आल्यापासून रोज सकाळी रानाला फेरी हा त्यांचा नेम. विहिरीपासून निघायचं, बांधाबांधानं उसाला वळसा घालायचा आणि परत विहिरीपाशी यायचं. फेरीत काम असं काही नसायचं. ऊस काही सुभेदारांचं तोंड बघून वाढत नव्हता. पण मालकानं रोज फेरी मारली नाही तर रान परकं होतं, असा त्यांचा पक्का समज. आता उसाच्या जागी ट्रक धावत होते आणि सुभेदार घरातल्या घरात फेरी मारत होते. पडवीतनं स्वयंपाकघरात, तिथनं न्हाणीकडं, पुन्हा पडवीत.

"आवं, बसा की एका जागी," बायको बनुबाई म्हणाली. "मी काय ऊस हाय व्हय, सारखं बघून जायाला?"

मोबदल्याचे पैसे बँकेत पडून होते. त्याचं काय करायचं हे सून सांगणार होती. मुलगा वीरधवल फौजेत, बर्फात कुठंतरी. सून संयोगिता सांगलीला एका कर सल्लागाराच्या ऑफिसात कामाला; छोट्या नातीला, साक्षीला घेऊन तिथंच भाड्यानं राहायची आणि रविवारी साताऱ्याला यायची. हिशोबात हुशार पोरगी. सुभेदार तिला मनातल्या मनात क्वार्टरमास्टर म्हणत.

"मामा," ती म्हणाली, "पैसे साक्षीसाठी ठेवायचे ना? म्हणजे वीस-वीस वर्षं हात लावायचा नाही. मग अर्धे देशातल्या इंडेक्स फंडात आणि अर्धे बाहेरच्या देशांतल्या इंडेक्स फंडात घालू."

"म्हंजे काय करायचं?"

"देशातल्या मोठ्या मोठ्या कंपन्या एका टोपलीत असतात. प्रत्येकीतला आपल्याला नखाएवढा वाटा. कोणती चांगली, कोणती वाईट, हे कुणी निवडायचं नाही. जी वाढली ती टोपलीत राहती, जी खंगली ती बाहेर जाती."

"बढती आन् पेन्शन."

"तसंच धरा. आणि बाहेरच्या फंडात तिकडच्या कंपन्यांची टोपली."

सुभेदारांनी टोपी काढून डोकं खाजवलं. मग त्यांनी तो प्रश्न विचारला, जो कुठल्याही फंडाच्या ऑफिसात आजवर कुणी विचारला नसेल.

"बांध कुठं हाय?"

संयोगितेला कळेना. सुभेदारांनी समजावून सांगितलं. रान गेलं तर त्याच्या बदल्यात जे येईल त्यालाही कुठून कुठंवर ते असलं पाहिजे. साक्षीला कडेवर घेऊन बोटानं दाखवता आलं पाहिजे, की बाळ, हे आपलं. आणि रोज सकाळी तिथं फेरी मारता आली पाहिजे. हे जमत असेल तर आजच सही. नाहीतर पैसे बँकेत पडू देत, सुभेदार न्हाणीकडं चालत राहतील.

संयोगितेनं वाद घातला नाही. मोबाईलवर देशी फंडातल्या कंपन्यांची यादी काढली आणि पुढं धरली. "नमुना म्हणून थोडेसेच पैसे दोन्हीकडं घालते. बाकीच्या रकमेच्या सहीचं दिवाळीत बघू. तोवर हे बघा, तुम्ही कशाकशाचे मालक आहात ते."

सुभेदार वाचत गेले आणि त्यांचा चेहरा पालटत गेला. बँक, जिच्यात पेन्शन यायची. सिमेंट, ज्यानं घराचा स्लॅब पडला. अंगाचा साबण. वीज. फटफटी. खाली खाली बोट सरकवत गेले तरी मालकी संपेना. शेवटी त्यांनी मोबाईल जपून, दोन्ही हातांनी, देवाचा अंगारा परत करावा तसा सुनेला परत केला.

"आन् मला कुणी सांगितलं न्हाई," ते हळूच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटताना सुभेदार साताऱ्यात फंडाला फेरी मारायला निघाले.

पहिला बांध एटीएमचा. आत जमिनीवर पावत्यांचा सडा पडलेला. सुभेदारांनी तो गोळा केला, काच पुसली, आणि बाहेर गोळा झालेल्या लोकांना उंचीप्रमाणे रांगेत उभं केलं. एका पोरानं दार धाडकन सोडलं.

"हळू रं गड्या. माझं हाय ते."

"आजोबा, ते बँकेचं हाय."

"बँक कुणाची हाय?"

पोरानं पुढच्या वेळी दार हळू लावलं. सुभेदारांना लय बरं वाटलं.

तिथनं किराणा दुकान. फळीवर परक्या साबणानं आपल्या साबणाला मागं ढकललं होतं, तो त्यांनी पुढं ओढून ठेवला. मग एका बांधकामावर उघड्यावर पडलेल्या सिमेंटच्या पोत्यांवर ताडपत्री ओढली. मुकादम बघतच राहिला, पण सुभेदारांच्या मिशा आणि चाल बघून "कोण तुम्ही" विचारायची त्याला छाती झाली नाही. परत येताना रस्त्यावरचे विजेचे खांब लागले. सुभेदार थबकले. खांबाखांबावरनं तार निघाली होती ती थेट अजिंक्यताऱ्याला वळसा घालून कुठं दिसेनाशी होत होती. रानाला एवढा लांब बांध त्यांनी जन्मात बघितला नव्हता. टोपी काढून ते उगाचच उभे राहिले.

चौथ्या-पाचव्या फेरीत त्यांची पावलं हायवेवरच्या फटफटीच्या शोरूमकडं वळली. काचेचा महाल. आत गाड्या ओळीनं उभ्या, पॉलिश केलेल्या बुटांसारख्या. मॅनेजर इंद्रजित नुकताच येऊन उदबत्ती लावत होता. दारात कडक इस्त्रीचा सदरा, ताठ कणा, पांढऱ्या मिशा. इंद्रजितनं उदबत्ती घाईघाईनं खोचली. कंपनीचा तपासणीचा माणूस कधीही येईल असं त्याला वरून आठवडाभर सांगत होते.

"या साहेब. आपण कंपनीकडून?"

सुभेदारांनी आयुष्यात खोटं बोललेलं नव्हतं.

"कंपनी माझीच हाय," ते म्हणाले. "म्हंजे, थोडी."

इंद्रजितनं 'थोडी' हा मोठ्या माणसांचा नम्रपणा धरला. पुढचा तासभर शोरूममध्ये जे चाललं, त्याला तोड नव्हती. सुभेदारांना खुर्ची, चहा, दुसरा चहा. सगळे सेल्समन एका ओळीत. सुभेदारांनी एकेकाची नखं बघितली. गाड्यांखाली वाकून तेल गळतंय का बघितलं. मागच्या गोडाऊनमध्ये एक मेकॅनिक झोपलेला सापडला, त्याला उठवून शोरूमला पळत दोन चकरा मारायला लावल्या. निघताना इंद्रजितनं शाल आणि नारळ दिला आणि हळूच विचारलं, "साहेब, वर काय सांगणार?"

"बरी चाललीया म्हणून सांगतो," सुभेदार म्हणाले, आणि घरी येऊन त्यांनी खरंच बनुबाईला तसं सांगितलं.

बनुबाईचा विश्वास बसेना. म्हणून दुसऱ्या दिवशी सुभेदार तिलाही फेरीला घेऊन गेले. इंद्रजितनं बाईसाहेबांना हार घातला आणि फोटोसाठी नव्या स्कूटरवर बसवलं. बनुबाई बसली ऐटीत. उतरताना लुगडं आरशात अडकलं, पाय गुळगुळीत फरशीवर गेला आणि गुडघ्यातनं कट्ट असा आवाज आला.

"ही तुमची मालकी," ती जमिनीवर बसल्या बसल्या म्हणाली. "बघितली. चला आता घरी."

गुडघा सुजला तरी सुभेदारांचं मत डळमळलं नाही. रविवारी संयोगिता आली तर यांनी निर्णय सांगून टाकला. सगळे पैसे देशी फंडात. बाहेरचा नको.

"का?"

"देशी फंडाला बांध हाय. मी चालून आलोय. बाहेरच्या रानात फेरी मारायला काय पासपोर्ट काढू? जिथं पाय लागत न्हाई ते आपलं न्हाई."

"मामा, देशी चांगलाच आहे. खर्च कमी, व्यवहार रुपयात, आणि देश वाढतोय तसा तोही वाढतो. पण सगळं एकाच पावसावर. इथं ओढ दिली तर सगळी टोपली एकदम वाळती."

"आन् बाहेरचा काय वाळत न्हाई?"

"वाळतो की. दणकून वाळतो. खर्च थोडा जास्त, डॉलरचं खाली-वर निराळंच. फक्त दोन्ही बऱ्याचदा एका वेळी वाळत नाहीत. कधीकधी वाळतातही, खोटं कशाला सांगू."

सुभेदारांनी मान हलवली नाही. ज्याला बांध नाही त्यावर साक्षीचं नाव घालायचं नाही. तिथं विषय मिटला, आणि गुडघ्याचा निघाला. साताऱ्याच्या डॉक्टरांनी आतलं चित्र काढून आणा म्हणून सांगितलं होतं. संयोगितेच्या गल्लीतला नईम सांगलीत एका स्कॅनिंग सेंटरमध्ये मशीन चालवायचा. तिनं त्याला फोन केला.

दोन दिवसांनी तिघं सांगलीत. साक्षीला शेजाऱ्यांकडं ठेवलं होतं. सेंटरच्या दारातला चपलांचा ढीग बघून सुभेदार थांबले; असल्या ढिगातनं वहाणा चोरीला जायला वेळ लागत नाही. वहाणा नव्या होत्या, कापशी गावच्या, नालासकट. देवळात ते करायचे तेच त्यांनी केलं. वहाणा काढल्या, कापडी पिशवीत घातल्या, पिशवी काखेत मारली आणि वरनं उपरणं घेतलं.

"चाचा, सोबत आत बसायचं असेल तर बसा," नईम म्हणाला. "पण अंगावर लोखंड नको. पट्टा, चाव्या, चिल्लर, मोबाईल, सगळं इथं ठेवा."

सुभेदारांनी सगळं काढून दिलं.

"काही राहिलं?"

"काय न्हाई."

वहाण ही काही लोखंडाची वस्तू नाही, चामड्याची आहे. सुभेदारांच्या मनात कपट नव्हतं. बनुबाई दारातच चाकाच्या खाटेवर होती. सुभेदार पुढं झाले. खोलीच्या मधोमध ते यंत्र. पुरुषभर उंच, पांढरंशुभ्र, मधे गोल पोकळी, विहीर आडवी करून ठेवावी तशी. आतनं सावकाश ठक, ठक, ठक असा आवाज. गार वारा. सुभेदारांना आपोआप पाऊल हळू टाकावंसं वाटलं.

आणि काखेतली पिशवी निघाली.

आधी त्यांना वाटलं, कुणी मागनं ढकललं. मग वाटलं, चोर. पण पिशवी पुढं ओढत होती आणि पुढं कुणीच नव्हतं. सुभेदारांनी दोन्ही हातांनी बंद धरले. पलटणीत शिकवलेलं, दिलेली वस्तू सोडायची नाही. ते सोडेनात आणि ती थांबेना. गुळगुळीत फरशीवरनं सुभेदार उभेच्या उभे सरकत गेले, उपरणं मागं झेंड्यासारखं ताठ, आणि दाणकन यंत्राच्या तोंडाशी जाऊन थांबले. पिशवीच्या आतनं वहाणांचे नाल यंत्राला चिकटले होते. पिशवी हवेत आडवी लोंबत होती, आणि तिला धरून सुभेदार.

"आवं," दारातनं बनुबाई म्हणाली, "माझ्या आधी तुमीच जाताय व्हय?"

नईम पळत आला. तो पांढरा पडला होता. "चाचा, सोडा. हात सोडा आधी."

"नव्या हायत्या रं."

"वहाणा परत देतो. बोटं परत देता येत नाहीत."

सुभेदारांनी हात सोडला. नईमनं आणि आणखी एकानं पाय रोवून, तिरकं ओढून, घाम गाळून पिशवी सोडवली आणि चार खोल्या पलीकडं नेऊन ठेवली. यंत्राला काही झालेलं नव्हतं, एक लहानसा ओरखडा सोडून. नईम शिव्या देणार होता, पण सुभेदारांकडं बघून त्याचा राग उतरला. ते रिकाम्या हातांकडं बघत उभे होते.

"काय जोर हाय ह्याच्यात," ते म्हणाले. "खिलारी बैलजोडी धरलीया मी आयुष्यभर. असली ओढ न्हाई बघितली. आन् दिसत तर काईच न्हाई."

"दिसत नाहीच चाचा. चुंबक आहे. दिवसरात्र चालू असतो. आपण झोपलो तरी ओढत असतो."

"कुठनं आणलं हे?"

नईमचा जीव आता भांड्यात पडला होता, आणि त्याला यंत्राचा मोठा अभिमान. तो सांगत सुटला. यंत्र एका देशातनं आलं, जहाजानं. आतला चुंबक गार ठेवायला एक वायू लागतो, तो दुसऱ्याच देशातल्या जमिनीखालनं काढतात. पडदा तिसरीकडचा. आणि चित्र वाचणारी जी संगणकाची विद्या आहे, ती जिथं तयार झाली तिथं आता लोक झोपेत असतील. हे सगळं सांगलीत, आपल्या गल्लीच्या मागं, चाचीच्या गुडघ्यासाठी.

सुभेदार हळूच संयोगितेकडं वळले. ती दारात ओढणी तोंडात धरून हसू दाबत उभी होती.

"पोरी, हे बनवणारी कंपनी तुझ्या त्या बाहेरच्या टोपलीत हाय का?"

तिनं बाहेर जाऊन मोबाईलवर यादी शोधली. परत आली तेव्हा तीही हसायची थांबली होती.

"आहे, मामा. लय खाली आहे, पण आहे."

"खाली का असंना. हाय न्हवं." मग आवाज आणखी खाली आणून, "म्हंजे मघाशी मला ज्यानं वढलं, त्यात माझं बी थोडं हाय."

"हो. नखाएवढं."

बनुबाईला खाटेवर घेतलं. पायाकडनं ती पोकळीत गेली, डोकं बाहेर. सुभेदारांच्या आणि तिच्या कानात बोळे घातले. मग यंत्र बोलू लागलं. आधी ढोल वाजल्यासारखं, मग मळणीयंत्रासारखं, मग असं, की ज्याला सुभेदारांकडं शब्दच नव्हता. ते शेजारच्या स्टुलावर बसून ऐकत होते. आवाज बंद झाला की मधेच शांतता पसरायची, तशी एकदा पसरली, आणि कानातले बोळे असल्यानं बनुबाई तारस्वरात बोलली.

"आवं, त्या महापुराच्या सालचं आठवतंय का? सांगलीत गल्लीत होड्या फिरत हुत्या."

"आठवतंय की."

"आन् त्याच दिवसात माझ्या म्हायेरी, जतला, पाण्याचा टँकर. भाऊ फोनवर रडत हुता मेंढरं मरत्यात म्हणून, आन् हिकडं बायका कौलावर बसून रडत हुत्या. एकाच कलेक्टरचा जिल्हा."

"मग?"

"मग काय. पोरगी तेच सांगतीया तुमास्नी. एकाच आभाळाखाली सगळं रान घेऊ नका."

"चाची, हलू नका," काचेमागनं नईमचा आवाज आला, आणि यंत्र पुन्हा सुरू झालं.

संपल्यावर नईमनं त्यांना पडद्यापुढं नेलं. काळ्या पडद्यावर बनुबाईचा गुडघा उजळला होता. कुठं चिरा नाही, टाका नाही, आणि आतलं हाड, आतली गादी, आतले दोर, सगळं स्वच्छ. चाळीसेक वर्षं ज्या पायांच्या मागनं सुभेदार चालले होते, त्यांच्या आत असं सुंदर काही असेल ही त्यांना कल्पनाच नव्हती. नईमनं बोट ठेवलं. गादी थोडी फाटलीय, ऑपरेशन लागेल असं वाटत नाही, पण डॉक्टर सांगतील. सुभेदारांना ते ऐकूच आलं नाही.

"बनू, ह्यो तुझा गुडघा," ते म्हणाले. लोकांपुढं त्यांनी तिला नावानं कधी हाक मारली नव्हती. बनुबाईनं पदर सावरला आणि पडद्याकडं न बघता सुनेकडं बघितलं.

मग सुभेदारांनी नईमला विनंती केली. पाच मिनिटं. अनवाणी, खिसे रिकामे, हातात काही नाही. नईमनं त्यांना वरनं खालपर्यंत चाचपून बघितलं आणि आत सोडलं. सुभेदार यंत्राच्या डाव्या अंगानं निघाले, भिंत आणि यंत्र यांच्यामधल्या चिंचोळ्या वाटेनं, हात मागं बांधून, मागच्या बाजूला वाकून बघत, पुन्हा पुढं. एक फेरी. बाहेर पुढचा पेशंट थांबला होता. त्यानं नईमला विचारलं, "इंजिनियर का?"

"मालक," नईम म्हणाला. "थोडे."

बाहेर चहाच्या गाड्यावर बसले तेव्हा दिवस कृष्णेपल्याड उतरला होता. बनुबाई पाय पसरून बाकावर. सुभेदारांनी कप हातात धरला होता, पीत नव्हते.

"अर्धं-अर्धं कर," ते म्हणाले. "सही कुठं करू?"

संयोगितेनं श्वास सोडला. "पण मामा, बाहेरच्याचं एक आहे. कधीकधी त्यात एकरकमी पैसे घेत नाहीत, सरकारनं घातलेली मर्यादा असती. तेव्हा दर महिन्याला थोडं थोडं घालावं लागतं."

"चालतंय. महिन्याला एक सरी घेऊ."

"आणि फेरीचं काय? तिथं तुम्हाला रोज जाता येणार नाही. ह्या नईमकडं पण नाही, तो हाकलून देईल."

सुभेदारांनी मावळतीकडं बघितलं. मग म्हणाले, "आत्ता तिकडं किती वाजलं असतील?"

"अमेरिकेत सकाळ आहे. तिथला बाजार आत्ताच उघडतोय. युरोपात दुपार. जपानात लोक झोपलेत."

"म्हंजे आपला दिवस मावळला, आन् आपल्याच रानाच्या एका कडंला माणसं डबं घिऊन कामावर चालल्यात."

"हो."

"आन् ती घरी आली की जपानातली उठणार."

"हो, मामा."

सुभेदारांनी कप बाकावर ठेवला. आभाळात उजेड अजून थोडा होता. ते उठले नाहीत, चालले नाहीत, पडवी-न्हाणी काही झालं नाही. नुसते बसून राहिले, मान वर करून. आपल्या रानावर कुठं ना कुठं ऊन पडलेलंच असणार, ह्या विचाराला ते सगळ्या बाजूंनी हात लावून बघत होते. त्याला कड लागत नव्हती.

"साक्षीला बोटानं काय दाखवणार मग?" संयोगितेनं विचारलं.

सुभेदारांनी हात उचलला, पश्चिमेकडं केला, मग वळून पूर्वेकडं, मग खाली जमिनीकडं, आरपार. हात कुठं थांबवावा हे काही त्यांना कळेना.

"आवं," बनुबाई म्हणाली, "हात खाली घ्या. लोकास्नी वाटतंय रिक्षा थांबिवताय."

तीन रिक्षा खरंच येऊन थांबल्या होत्या.